आमी मागितलेली सभा

खारपाडा, तारापूर
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

ती. दादास,

येसूचा नमस्कार हायच, पण तो तू सवडीनं घे. आज माझं डोकं ठिकाणावर नाय. हाकलून दिलं मला, दादा. सोसायटीच्या हापिसातून, माझ्या स्वतःच्या गावात, दिवसाढवळ्या. आणि कुणी, तर जितेशनं. आमच्या घरच्यांच्या चुलतभावाचा पोर तो, शेंबूड पुसलाय मी त्याचा. आता मच्छीमार सोसायटीचा चेअरमन झालाय ना. मला काकी म्हणतो आणि काकीलाच दार दाखवतो.

झालं काय ते सांगते. आमचं सुकवणीचं मैदान हाय ना बंदरावर, जिथं बांबूच्या वलांड्या उभ्या असतात आणि आमी बोंबील लटकवतो, ते मैदान कमिटीनं रिसॉर्टवाल्याला द्यायचं ठरवलं. कशाला, तर पावण्यांच्या गाड्या लावायला! शेजारची मंजुळा मासळी विकून आली ती ही बातमी घेऊनच. आमी दहा-बारा जणी तशाच गेलो, हाताला बोंबलाचं पाणी तसंच. हापिसात सगळे खुर्च्यांवर बसलेले, चहा चाललेला. मी विचारलं की आमाला न विचारता आमचं मैदान द्यायला तुमी कोण. तर जितेश म्हणतो की काकी, ही कमिटीची सभा हाय, यात बाहेरच्यांनी बसायचं नसतं. तुमची वर्षाची सभा सप्टेंबरात झाली, आता पुढच्या सप्टेंबरात या आणि बोला. सप्टेंबरात! तोवर तिथं डांबर पडलेलं असेल. बोंबील काय मी छपरावर सुकवू?

मला एक सांग, सभा ती सभा ना? आमची जमातीची सभा असते, देवळापुढे जाजम टाकतात, बाप्ये बोलतात, आमी मागं खांबाला टेकून उभ्या, आणि शेवटी पाटील म्हणतो की ठरलं. झालं, ठरलं. सोसायटीची पण तशीच असंल असं मला वाटायचं. तर ह्यांच्या सभांना जाती हायत! ही त्यांची, ती तुमची. सप्टेंबरातल्या सभेला आमी जातो, वहीवर सही करतो, वडापाव घेतो आणि घरी येतो. आत काय होतं ते मला ठाऊक नाय.

तुला फोन करून उपयोग नाय, गिरणीतल्या मागांनी तुझे कान खाल्ले आणि ते यंत्र घातलंस की नुसत्या शिट्ट्या. म्हणून चौथीच्या शाळेवर हे पत्र लिहायला बसलेय. तू बोईसरला कामगारांच्या पतपेढीचा सेक्रेटरी होतास ना इतकी वर्षं? मग सांग. सभा किती जातींच्या असतात आणि कुठली सभा कुणाच्या डोक्यावर बसते? मैदान गेलं तर खारपाड्यात एक पण बाई धंदा करू शकणार नाय, हे ध्यानात ठेवून लिही. वैनीला आणि तुझ्या नातीला, रिद्धीला, आठवण सांग.

तुझी,
येसू

*

पालघर
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

चि. येसूस,

रामूदादाचे आशीर्वाद आणि आजच्या संक्रांतीचा तिळगूळ. तिळगूळ खाऊन गोड बोलायचं असतं हे तुला सांगण्यात अर्थ नाही, तरी सांगतो. तुझं पत्र रिद्धीनं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मला ऐकू आलं नाही तरी शेजारच्यांना ऐकू गेलं.

राग कळला. पण जितेशनं तुला बाहेर काढलं ते नियमाला धरून होतं, आधी हे कडू औषध घे. कमिटीची सभा ही निवडून दिलेल्या लोकांची. ते दर महिन्याला बसतात, बर्फ, डिझेल, पगार बघतात. त्यात तुला बसता येत नाही. मात्र त्यांनी जे ठरवलं ते शेवटचं, असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं.

असं बघ. तुमच्या बोटीवर तांडेल असतो. वारा कुठला, जाळं कुठं टाकायचं, कधी परतायचं, तो म्हणेल तसं. भर समुद्रात त्याला कुणी आडवं जात नाही. पण बोट त्याची असते का? बोट विकायला काढली तर मालकाला विचारावं लागतं. कमिटी हा तांडेल. मालक म्हणजे सगळे सभासद, आणि हे मालक एकत्र बसतात तिला सर्वसाधारण सभा म्हणतात. संस्थेत तिच्या वर कुणी नाही. चेअरमन नाही, सेक्रेटरी नाही.

ही सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा भरवावीच लागते, ती तुमची सप्टेंबरातली. हिशेब, अहवाल, सगळं तिथं मांडतात आणि लोक वडापावाच्या वासानं मंजूर मंजूर म्हणतात. आमच्या पतपेढीतही हेच होत असे, तेव्हा लाजू नकोस.

पण येसू, आणखी एक सभा आहे. विशेष सर्वसाधारण सभा. ती सप्टेंबरची वाट बघत नाही. सभासदांपैकी पाचव्या हिश्श्यानं सह्या करून लेखी मागणी केली, की अमुक एका विषयासाठी सभा बोलवा, तर कमिटीला ती महिन्याच्या आत बोलवावीच लागते. मनात असो वा नसो. त्या सभेत फक्त तोच विषय निघतो आणि तिथं जे बहुमतानं होईल ते कमिटीला मानावं लागतं. अर्जात विषय स्वच्छ लिही: मैदान भाड्यानं देण्याचा कमिटीचा ठराव रद्द करणे. शिव्या लिहू नकोस. अर्ज दिलास की पोच घे.

प्रश्न एवढाच, की बायकांपैकी सभासद किती? नुसती मासळी सुकवणारी चालत नाही, नाव नोंदलेलं पाहिजे. ते आधी तपास. तुझी वैनी विचारते की सुके बोंबील कधी पाठवतेस. मैदान असेपर्यंत पाठव, असं मी म्हणालो तर रागावली.

लोभ आहेच, तो चढत राहो.
तुझा,
रामूदादा

*

खारपाडा
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास येसूचा वाकून नमस्कार. आज खरोखर वाकून.

दादा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग वत्सलाआजीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं की म्हणजे जितेशच्या वर कोण? मी सांगितलं, आपण. तर तिनं मला ते परत पयल्यापासून वाचायला लावलं. सत्तरीची बाई, नवरा गेल्यापासून एकटीनं वलांड्या सांभाळल्या तिनं, आणि हे तिला आज कळतंय. मला तरी कुठं आधी कळलं होतं?

आता ऐक गंमत. बायका सभासद किती म्हणून मी सोसायटीत विचारायला गेले, मनात धाकधूक. तर निघाल्या भरपूर! आठवतं का, मागं सरकारच्या योजनेत बर्फाच्या पेट्या मिळाल्या होत्या? तेव्हा बायका सभासद जास्त दाखवल्या तर पेट्या जास्त मिळतील म्हणून ह्याच जितेशनं दारोदार फिरून आमचे फोटो घेतले, सह्या-अंगठे घेतले. आमाला वाटलं पेटीसाठी अंगठा. अरे, तो सभासदाचा अंगठा होता! इतकी वर्षं आमी मालकीण होतो आणि पेटीत बर्फ भरत बसलो. त्यानं स्वतःच्या हातानं आमाला आत घेतलंय आणि त्याचं त्यालाच ध्यानात नाय.

सह्या घेताना त्रास झाला तो वेगळाच. एकीची सासू म्हणाली, जमातीला विचारल्याबिगर सही करायची नाय. मंजुळाचा नवरा म्हणाला, जितेश डिझेल बंद करंल. मी त्याला म्हटलं की डिझेल काय नि मैदान काय, दोन्ही जितेशच्या बापाचं नाय. हे बोलायला नको होतं म्हणतोस? बोलून झालं.

अर्ज दिला तेव्हा जितेशनं दोनदा वाचला. मग हसून विचारलं की काकी, हे कुणी शिकवलं. मी म्हटलं, पोच दे. पोच म्हटल्यावर त्याचं हसू गेलं. कागदावर चार ओळी, खाली आमच्या वेड्यावाकड्या सह्या, आणि एवढ्या मोठ्या चेअरमननं शिक्का मारून पोच दिली. दादा, दर्या खवळलेला मी पुष्कळ बघितलाय, पण कागदाला एवढा जोर असतो हे पयल्यांदा बघितलं. 

काल सभेची नोटीस लागली. गुरुवार २७ फेब्रुवारी, सकाळी अकरा, सोसायटीच्या हॉलमध्ये. आता जिंकलोच समज. वैनीला बोंबील मंजुळाबरोबर पाठवलेत, नीट भाजायला सांग, मागच्या टायमाला करपवले होते.

तुझी,
येसू

*

पालघर
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. येसूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

बोंबील पोचले, करपले नाहीत. पण तुझ्या पत्रातल्या एका ओळीनं माझा घास अडकला. जिंकलो समज म्हणतेस ना, अजून नाही.

दिनदर्शिका काढ. सत्तावीस फेब्रुवारीला अमावास्या. आपण कोळ्याची पोरं, अमावास्येला काय असतं ते मी गिरणीत जन्म घालवूनही विसरलो नाही. उधाण. समुद्रात एका जागी रोवलेल्या डोलीच्या जाळ्यांना पाण्याची ओढ मिळते ती तेव्हाच, आणि बंदरावर एकही बोट राहत नाही. तुमचे सगळे पुरुष सभासद त्या सकाळी समुद्रात असणार. जितेशनं हा दिवस डोळे मिटून निवडलेला नाही.

याचा अर्थ समजून घे. सभा भरायला ठरावीक माणसं हजर लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात, कोरम. वर्षाच्या सभेला कोरम झाला नाही तर अर्धा तास थांबतात आणि मग आहेत तेवढ्यांत उरकतात. पण सभासदांनी मागून घेतलेल्या सभेला ही सवलत नाही. अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर ती सभा मोडते. तुम्हीच मागितली, तुम्हीच आला नाहीत, विषय संपला. नियम कडक आहे पण मला तो बरोबर वाटतो. हाक मारणाऱ्यानं घरी असावं.

तेव्हा कोरम तुम्हा बायकांनाच भरायला हवा, आणि नुसता भरून चालणार नाही, टिकवायला हवा. सही केली आणि सुकत घातलेली मासळी परतायला गेलो, हे या सभेत चालत नाही. मोजणी माणसांची होते, सह्यांची नव्हे. मत होईपर्यंत एकीनंही उठायचं नाही. हे त्यांना देवाशपथ सांग. तुझ्या तोंडाची मला काळजी नाही, तुमच्या पायांची आहे.

मी येण्यात अर्थ नाही, मी तुमचा सभासद नाही. कळव लगेच.

तुझा,
रामूदादा

*

खारपाडा
शनिवार, १ मार्च २०२५

ती. दादास येसूचा नमस्कार.

सभा होऊन दोन दिवस झाले. घरचे विचारतात की तब्येत बरी ना. बरी हाय. पण जे बघितलं ते अजून आत मावत नाय, म्हणून तुला लिहिते.

तू म्हणालास तेच. सकाळी बंदर मोकळं. एक होडी नाय. आमी नऊवारी चापून, डोक्यात फुलं माळून, लग्नाला निघाल्यासारख्या हॉलमध्ये गेलो. वत्सलाआजीला खुर्चीसकट उचलून नेली. जितेश दारात उभा राहून मोजत होता. मोजता मोजता थांबला. मग परत पयल्यापासून मोजलं. कोरम झाला होता, दादा. नुसत्या बायकांनी.

मग त्यानं वेळ काढायला घेतला. आधी मागच्या सभेचं वाचत बसला. मी उठून सांगितलं की ही विशेष सभा हाय, हिच्यात एकच विषय, तो काढ. सेक्रेटरीनं मान खाली घालून सांगितलं की बाई बरोबर बोलतायत. मग जितेश रिसॉर्टवाल्याचं कौतुक सांगायला लागला. रस्ता होईल, पोरांना नोकऱ्या लागतील, बंदराचं नाव होईल. बोलतो पण गोड, मेला. माझी पण मान एकदा हलली, मग मी ती आवरली. पण त्याचं ध्यान खिडकीकडे होतं. मला कळेना हा बाहेर काय बघतोय. आणि मग मला पाण्याचा वास आला.

भरती. अमावास्येची भरती दुपारी बाराच्या सुमाराला चढते आणि तिच्यावर बोटी आत येतात. बोटी आल्या की आमी किनाऱ्यावर पायजेच. टोपल्या घेऊन पाण्यात उभ्या राहतो, मासळी उतरवतो, लगेच निवडतो. उशीर झाला की बोंबील मऊ पडतो, मग कुत्रं पण खात नाय. बोटीचा आवाज ऐकून बसून राहिलेली बाई खारपाड्यात आजवर झाली नाय. आमच्या आयांनी लेकराच्या तोंडातून थान काढून धाव घेतलीय. हे जितेशला ठाऊक, त्याची आई पण तशीच धावायची. त्यानं दिवस निवडला होता आणि वेळ पण निवडली होती.

इंजिनं वाजायला लागली. एक, मग दुसरी. बायकांचे पाय हलले. मला दिसत होतं, चटईवर सगळे पाय वळवळायला लागले. माझे पण. आमच्या बोटीचा आवाज मी झोपेत ओळखते. जितेश बोलतच होता, आवाज मुद्दाम हळू केलेला. मंजुळा अर्धी उठली. तेवढ्यात वत्सलाआजीनं तिचा पदर धरला. नुसता धरला. मंजुळा खाली बसली आणि तिनं शेजारणीचा धरला. दादा, बघता बघता सगळ्या हॉलभर हे झालं. प्रत्येकीच्या मुठीत दुसरीचा पदर. कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर इंजिनं बंद पडली आणि किनाऱ्यावरून हाका यायला लागल्या. आमच्या नावानं हाका. आत एक बाई हलली नाय.

मला भीती वाटली, खरं सांगते. एवढी शांतता मी फक्त ग्रहणात बघितलीय.

मग बाप्ये आले. बायका कुठं मेल्या ते बघायला आले. गुडघ्यापर्यंत ओले, अंगाला खवले, दारात येऊन उभे. आधी शिव्या देत आले आणि आत बघितल्यावर तोंडातली शिवी तोंडातच राहिली. आमचे घरधनी पुढं होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, वहीत सही केली आणि खाली बसले. मागून बाकीचे पण. ज्यांना समुद्रात ठेवायला हा दिवस धरला होता, त्यांना भरतीनंच दारात आणून सोडलं.

मग जितेशला मत घ्यावंच लागलं. ठराव मी मांडला. पाठ केला होता पण मधेच विसरले, म्हणून सरळ सांगितलं की मैदान सुकवणीचं हाय, सुकवणीलाच राहील, कमिटीचा ठराव रद्द करा. वत्सलाआजीनं अनुमोदन दिलं. बाजूनं कोण म्हटल्यावर हात वर गेले. दादा, मी मागं वळून बघितलं आणि माझे डोळे भरले. मी बापाच्या मौतीला रडले नव्हते ते तुला ठाऊक हाय. बोंबलानं फाटलेले, मिठानं खाल्लेले, बांगड्यांचे, अंगठ्यावर शाई लागलेले हात. सगळे सारखे उंच. विरुद्ध कोण म्हटल्यावर जितेशनं आपला हात वर केला आणि त्याच्या कमिटीवाल्यांनी. चेअरमनला पण एकच हात, दादा! मी त्याचा दुसरा हात बघत होते, तो टेबलावरच होता.

त्या दिवशी अर्ध्या गावाचा बोंबील फुकट गेला. कुणी कुरकूर केली नाय. जितेश जाताना माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला की काकी, मला वाटलं होतं तुमी उठाल. मी म्हटलं, मला पण वाटलं होतं.

तुझी,
येसू

*

पालघर
गुरुवार, ६ मार्च २०२५

चि. येसूस,

आशीर्वाद काय देऊ, तूच दे.

पतपेढीत मी शेकडो सभा लिहिल्या. सभा सुरू झाली, कोरम होता, ठराव बहुमताने मंजूर, आभार मानून संपली. हेच शब्द दर वेळी, आणि मला वाटायचं मला सभा म्हणजे काय ते कळलंय. तुझं पत्र वाचून मी गच्चीवर जाऊन बसलो. नियम मी तुला सांगितले, पण ते कशासाठी केलेले असतात ते तू मला दाखवलंस. वैनीनं वाचलं आणि नंतर दिवसभर तिचा पदर आवळून धरलेला होता, तिचं तिलाही कळलं नाही.

एक मात्र बघ. इतिवृत्तात ठराव नीट लिहिला आहे का ते जाऊन वाच.

लोभ वाढत गेला आहे, आता कमी व्हायचा नाही.
तुझा,
रामूदादा

*

खारपाडा
शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

ती. दादास येसूचा नमस्कार.

पावसाळ्यात पत्र नाय लिहिलं म्हणून वैनी रुसलीय असं रिद्धीनं मंजुळाला सांगितलं. तिला सांग, वलांड्यांचे बांबू बदलायचे होते, वेळ नव्हता. बोटी परत जायला लागल्या. मैदान जागेवर हाय, पुढच्या महिन्यात बोंबील चढतील.

आता कामाचं. आमच्या वर्षाच्या सभेची नोटीस आली, रविवार २८ तारीख. ह्या वेळेला मी ती वाचली, पयल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि शेवटच्या अक्षराला अडकले. सगळ्यात खाली लिहिलंय की अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. हे काय असतं? आयत्या वेळी म्हणजे मैदान परत आणू शकतात का? रिसॉर्टवाला परवा जितेशच्या ओसरीवर चहा पिताना दिसला.

मला वाटलं होतं, एकदा हात वर केला की झालं. आता कळतंय, जे आमी हात वर करून राखलं ते दुसऱ्या कुणी हात वर करून जाऊ पण शकतं. म्हणजे दर सभेला जायला लागणार. मी मरेपर्यंत, आणि माझ्यामागं सुनेला. हे तू सांगितलं नव्हतंस. रात्री पडल्या पडल्या हाच विचार करते. एवढं मोठं हे आणि ते आमच्यासारख्यांच्या हातात देऊन ठेवलंय, कुणी दिलं असंल?

ते राहू दे. तू आयत्या वेळचं तेवढं लिही, आणि तांडेलासारखं सोपं करून लिही. मला उत्तर गुरुवारपर्यंत पायजे, शुक्रवार चालणार नाय. शुक्रवारी दुपारी गावातल्या सगळ्या बायका माझ्या ओट्यावर नोटीस समजून घ्यायला येणार हायत, आणि मी त्यांना सांगून बसलेय की मला सगळं ठाऊक हाय.

तुझी,
येसू